मोबाईलातली शाळा

हस्त नक्षत्रातला हत्तीचा पाऊस गडगडून गेला की आमच्याकडे हवा काही दिवस जागची हलत नाही. भात कापायला आलेलं असतं. मळ्यातून पिकल्या लोंब्यांचा कोमट वास येतो. तिरफळं काढायचे हेच दिवस. एकदा हात लावला की बोटांचा वास जेवून हात धुतला तरी जात नाही. बाजारात बांगडा स्वस्त होतो. दुपारी अंगाची काहिली होते आणि तिन्हीसांजेला सड्याच्या कातळमाळामागे ढग जमून विजा चमकायला लागतात. पाऊस येतोच असं नाही. नुसतं आभाळ उजळतं आणि विझतं, उजळतं आणि विझतं.

बाकीच्यांना हे दिवस आवडतात. दसरा, कोजागिरी, दिवाळी ओळीने येतात. मुंबईची माणसं गावी येण्याच्या गोष्टी सुरू होतात. मी आता वेंगुर्ल्याला असते, शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. सहामाहीचे पेपर तपासताना खिडकीतून तो भाताचा वास आत आला की माझा हात थांबतो. काही तरी वाईट आठवायचं आहे एवढंच आधी कळतं. काय ते मागाहून आठवतं.

मोबाईलला बटणं होती तेव्हाची ही गोष्ट. मालवणात एका किराणा दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि निरनिराळ्या फोनांनी भरलेला प्लास्टिकचा डबा. महेश प्रोग्राम लिहायचा आणि मी ते तपासायची. महेश आरोंद्याचा. पुण्यात शिकून, तिथे नोकरी करून, आपल्या मुलखात राहून काही तरी करायचं म्हणून परत आलेला. त्याच्या घरच्यांना हे पटलं नव्हतं. खाडीकाठच्या गावात बसून कोणी मोबाईलचे प्रोग्राम करतं का, असं त्याचे वडील येईल त्याला विचारायचे.

एका संस्थेने आम्हाला काम दिलं होतं. मोबाईलवर चालतील असे दोन प्रोग्राम करायचे. एक बाहेरून येणाऱ्यांसाठी: नकाशा, बघण्यासारख्या जागा, जेवण कुठे मिळेल, परतीची गाडी कधी. दुसरा इथल्या माणसांसाठी. ज्यांनी घराच्या खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या होत्या त्या बायका, आणि ज्यांनी मासेमारीच्या होड्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या ते पुरुष, यांचं प्रशिक्षण. छोटे छोटे धडे, धड्याच्या शेवटी प्रश्न, प्रश्नाखाली तीन उत्तरं. ॲप हा शब्द तेव्हा आमच्या तोंडात नव्हता. आम्ही ॲप्लिकेशन म्हणायचो. तारकर्लीत मात्र सगळे त्याला 'मोबाईलातली शाळा' म्हणायचे.

त्या फोनांवर मराठी नीट उमटत नसे. जोडाक्षरं फुटायची. ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराला सोडून भलत्याच ठिकाणी जाऊन उभी राहायची. मग महेशने प्रत्येक वाक्याचं चित्रच करायला घेतलं. धड्यातला एखादा शब्द बदलायचा म्हणजे चित्र पुन्हा काढायचं, पुन्हा फोनात भरायचं, पुन्हा सगळ्या फोनांवर उघडून बघायचं. डब्यातला एकेक फोन काढून मी तेच करत बसायची. लहान पडद्यावर ओळ कापली जाते का, मध्येच फोन आला तर धडा होता तिथे राहतो का, मागे जायचं बटण दाबलं की माणूस खरंच मागे जातो का. तोंडाने सांगायला हे काम फार साधं आहे आणि त्यात दिवसच्या दिवस जातात.

त्यातला अवघड भाग दुसराच होता. फोन माणसाच्या हातात द्यायचा आणि आपण बघत राहायचं. मदत करायची नाही. समोरचा अडखळतो, त्याचं बोट बटणावर नुसतं फिरत राहतं, तो मान वर करून आपल्याकडे बघतो, आणि आपण गप्प राहायचं. कुठे अडला तेवढं लक्षात ठेवायचं. उद्या तो एकटा असेल तेव्हा आपण त्याच्या शेजारी नसणार, म्हणून. मला सुरुवातीला हे जमायचं नाही. माझा हात आपोआप पुढे जायचा आणि महेश मागून खाकरायचा.

विष्णूदादा मला त्या कामात भेटला. विष्णू खवणेकर, तारकर्लीचा. चाळिशी उलटलेला, उन्हाने काळा झालेला, बोलायला कमी. लहानपणापासून रापण ओढलेला माणूस. पहाटे किनाऱ्यावरून जाळं समुद्रात सोडायचं आणि गावाने मिळून ते दोन्ही टोकांनी ओढायचं, ही त्याची जन्माची सवय. पण बाहेर मोठ्या बोटी सगळं ओढून न्यायला लागल्या आणि रापणीला नुसता कचरा आणि जेलीफिश लागायला लागले, तेव्हा त्याने इंजिन लावलेली एक जुनी होडी घेतली आणि पर्यटकांना खाडीतून फिरवायला सुरुवात केली. तारकर्लीत हंगाम हा शब्द आधी माशांचा होता, तो माणसांचा झाला. विष्णूदादाला हे आवडलं होतं असं मला कधी वाटलं नाही. तो त्याबद्दल बोलायचाही नाही. जे करायचं ते नीट करायचं, एवढंच त्याच्याकडे बघून कळायचं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्यांवरचे नारळाच्या झावळ्यांचे झाप उतरले, आणि आम्ही धडे घेऊन किनाऱ्यावर जायला लागलो. बाकीचे होडीवाले थट्टा करत शिकले. एकाने तर सगळी उत्तरं डोळे मिटून दाबली आणि पास झाला, मग महेशला उत्तरांची जागा दर वेळी बदलायची व्यवस्था करावी लागली. विष्णूदादा मात्र उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसायचा आणि एकेक अक्षर ओठांनी लावत वाचायचा. धड्यात एका ठिकाणी 'पर्यटकांना नम्रपणे सूचना द्याव्यात' असं होतं. नम्रपणे म्हणजे कसं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बऱ्या शब्दांत. मग तसंच लिही, म्हणाला. महेशने कपाळाला हात लावला आणि ते चित्र पुन्हा काढलं.

बुडणाऱ्याला वाचवण्याचा धडा सगळ्यांत मोठा होता. मालवणच्या एका डॉक्टरांनी तो आम्हाला बसून सांगितला होता आणि चित्रं झाल्यावर पुन्हा तपासूनही दिला होता. आधी लाइफ जॅकेट, मग फेरी. कोणी पडलं तर आपण उडी मारण्याआधी रिंग टाकायची. लहान मूल आधी. माणूस वर घेतल्यावर श्वास बघायचा, श्वास नसेल तर छाती कशी दाबायची, कुठे दाबायची, किती जोराने. शेवटचं उत्तर बरोबर आलं की पडद्यावर एक छोटी होडी हलायची आणि वर 'शाबास' असं यायचं. विष्णूदादा तो धडा एकदाही न चुकता पुरा करणारा पहिला माणूस. त्या दिवशी तो हसला होता. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर जॅकेट घातल्याशिवाय तो कोणाला होडीत पाय ठेवू देईना. पर्यटक कुरकुरायचे, फोटो चांगले येत नाहीत म्हणायचे. दुसरे होडीवाले त्याला मास्तर म्हणून चिडवायचे. तो ऐकून घ्यायचा आणि जॅकेटचे पट्टे ओढून बघायचा.

पर्यटकांच्या प्रोग्राममधला मजकूर मी लिहिला होता. खाडी समुद्राला मिळते त्या मुखाजवळच्या जागेसाठी मी लिहिलं होतं, 'येथे नदी समुद्राला मिळते. सूर्यास्त पाहण्यासाठी उत्तम जागा.' हे खोटं नव्हतं. अजूनही नाही.

दसरा होऊन गेला होता. त्या दुपारी मी विष्णूदादाच्याच घरी होते. त्याची बायको, शालनवैनी, खोल्या भाड्याने देण्याचे धडे तपासून देत होती. पाहुण्यांना काय विचारावं, पाणी उकळून कसं ठेवावं, असले धडे. तिला ते शिकवायची काही गरज नव्हती, पण 'आपले स्वागत आहे' हे वाक्य तिच्या तोंडी बसत नव्हतं. ती दर वेळी 'येवा' म्हणायची आणि हसायची. बाहेर वारा नव्हता. ढग जमायला लागले होते. तेवढ्यात किनाऱ्याकडून कोणी तरी तिचं नाव घेऊन हाका मारायला लागलं.

आम्ही धावत गेलो तेव्हा विष्णूदादा ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसला होता. त्याच्यासमोर एक वयस्क माणूस उताणा पडलेला. जॅकेट पट्टे सोडून बाजूला टाकलेलं. विष्णूदादा त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत होता आणि मोठ्याने मोजत होता. आमच्या धड्यात होतं तसंच. बाजूला एक बाई ओल्या साडीनिशी एका लहान मुलीला पोटाशी घट्ट धरून उभ्या होत्या. मुलगी रडत होती. त्या रडत नव्हत्या. लोक जमले होते, कोणी गाडी आणायला पळालं होतं. मी तिथे उभी राहिले. एवढे दिवस मी माणसांना बघत राहायला शिकले होते, आणि त्या वेळी मला त्याच्याकडे बघवेना.

काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. घाटावरचं कुटुंब. गडहिंग्लजच्या बाजूला त्या काकांचं शिवणकामाचं दुकान होतं. नातीने समुद्र बघितला नव्हता म्हणून आजी-आजोबा तिला घेऊन आले होते. तिघांनीही जॅकेटं घातलेली होती. मुखाजवळ ओहोटीचं पाणी बाहेर चाललं होतं, आणि वाळूच्या बांधावर आडवी लाट उठली. नात पाण्यात हात घालायला वाकली, आजोबा तिला धरायला उठले, आणि त्याच वेळी लाटेने होडी कलंडवली. तिघंही पाण्यात. विष्णूदादाने मुलीला आधी वर घेतलं, काकूंना रिंग टाकली, त्या होडीच्या काठाला धरून राहिल्या आणि मग वर येऊन मुलीला धरून बसल्या. मग तो काकांकडे गेला. ते तरंगत होते, बुडाले नव्हते. शेजारच्या होडीतल्या माणसांनी हात दिला आणि त्यांना वर घेतलं. होडीतच त्यांचा श्वास थांबला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पाण्याच्या भीतीने किंवा धक्क्याने, ते सांगता येणार नाही. पोलिसांनी सगळ्यांचे जबाब घेतले आणि होडीवाल्याची चूक नाही असं म्हणाले. काकूंनीही तेच सांगितलं. अंधार पडायच्या सुमाराला मुलीचे वडील गाडी घेऊन पोचले आणि ते सगळे निघून गेले. विष्णूदादा दवाखान्याच्या पायरीपाशी ओल्या कपड्यांनिशी उभा होता. गाडी गेल्यावरही तसाच. शालनवैनीने त्याच्या दंडाला धरून रिक्षात बसवलं.

दिवाळीच्या आधी दोन्ही प्रोग्राम संस्थेला द्यायचे होते, म्हणून मी कामावर जात राहिले. पर्यटकांच्या नकाशातली प्रत्येक जागा प्रत्येक फोनवर उघडते का हे बघायचं शिल्लक होतं. मुखाजवळच्या त्या जागेपाशी आले. बटण दाबलं. पान उघडलं, मजकूर आला, फोटो आला, मागे जाता आलं. दुसरा फोन घेतला. त्यावरही उघडलं. डब्यातले सगळे फोन संपेपर्यंत मी ते उघडत आणि मिटत होते. उत्तम जागा. महेश माझ्या पाठीमागे उभा होता हे मला उशिरा कळलं. त्याने माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणाला, पुरे, हे पान मी बघतो.

शालनवैनी ऑफिसात आली ती त्यानंतर काही दिवसांनी. माडीचा जिना चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. महेशने पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली. सरकारी कचेरीत बसतात तशी. मला म्हणाली,

"ह्यांच्या मोबाईलातली ती शाळा काढून टाक गो बाय."

मग तिने सांगितलं. विष्णूदादा होडीवर जात नव्हता. सकाळी उठून पडवीत बसायचा, फोन घ्यायचा आणि तोच धडा उघडायचा. एकेक चित्र, एकेक प्रश्न. उत्तर दाबायचा, पुढे जायचा. जेवायला बोलावलं तर हातानेच थांब म्हणायचा. ताटातली पेज निवून जायची.

"शेवटाक शाबास येता," ती म्हणाली, "आणि हे परत पयल्यापासून सुरू करतत. काढूक जमत नसात तर चुकला असा तरी दाखव. एकदा चुकला म्हटल्यान तर थांबतले ते."

महेश खिडकीबाहेर बघायला लागला. तसं दाखवणं अवघड नव्हतं. एका उत्तराचा आकडा बदलला की झालं असतं. आमच्या दोघांच्याही मनात ते आलं असणार, आणि आम्ही दोघेही त्याबद्दल बोललो नाही. मी शालनवैनीबरोबर निघाले.

विष्णूदादा पडवीतच होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला बघून त्याने बसायला जागा करून दिली. अंगणात कापलेलं भात पसरलं होतं आणि कोंबड्या हाकलायला कोणी नव्हतं. तू बरी आहेस का, तू बरा आहेस का, असं थोडं बोलून झालं. मग त्याने फोन माझ्या हातात दिला.

"तू ह्या सगळा बघणारी," तो म्हणाला. "माका सांग. माझा खंय चुकला?"

मी त्याला म्हटलं, काहीच चुकलं नाही, विष्णूदादा, डॉक्टरांनी सांगितलं ना. त्याने मान हलवली. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याला नको होतं. धडा उघड म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून तो धडा पहिल्यापासून केला. प्रत्येक प्रश्नापाशी तो थांबायचा आणि त्या दिवशी आपण काय केलं ते सांगायचा. जॅकेटं घातली होती. रिंग टाकली. मुलीला आधी घेतलं. माणसाच्या मागच्या बाजूने गेलो. वर घेतल्यावर श्वास बघितला. मी बटण दाबायची आणि बरोबर यायचं. शालनवैनी दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी ती होडी हलली आणि शाबास आलं.

पडदा आपोआप काळा झाला तरी तो त्याकडे बघत राहिला.

"मगे माणूस कित्याक गेलो?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्याने विचारलं होतं. आम्ही केलेल्या त्या सगळ्या चित्रांत, सगळ्या प्रश्नांखालच्या तीन-तीन उत्तरांत, माणूस का गेला याचं उत्तर कुठेच नव्हतं. मी विचारलं, काढून टाकू का. तो हो म्हणाला. मी काढायला गेले, तर फोनने नेहमीप्रमाणे विचारलं, नक्की काढायचं का. मी तो त्याच्यापुढे धरला आणि त्याने स्वतः बटण दाबलं.

त्याने काही फरक पडला नाही. धडा त्याला पाठ होता.

मी परत येऊन महेशला म्हटलं, आपण आणखी एक पान घालू. शेवटच्या प्रश्नानंतर, शाबासच्या आधी. इतकंच लिहू, की हे सगळं नीट करूनही कधी कधी माणूस वाचत नाही आणि त्यात वाचवणाऱ्याचा दोष नसतो. महेशने लगेच चित्र करायला घेतलं. इतर वेळी शब्द बदलायचा म्हटला की कुरकुरणारा तो, त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. संस्थेत जे गृहस्थ आमचं काम बघायचे त्यांनी ते पान शांतपणे वाचलं. माणूस भला होता. म्हणाले, मला कळतंय, पण शिकायला बसलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर तो प्रयत्न तरी कशाला करील? मी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतला. पान धड्यात गेलं नाही.

आता मला वाटतं, गेलं असतं तरी काय झालं असतं. पुढच्या एक-दोन वर्षांत फोनच बदलले. जुन्या फोनांत चालणारे आमचे प्रोग्राम नव्यांत उघडेनात. संस्थेचं काम संपलं, दुसरं मिळालं नाही. महेश पुण्याला परत गेला. जाताना तो फोनांचा डबा मला देऊ करत होता, मी घेतला नाही. माडीवर आता शिकवणी चालते असं ऐकलं. आम्ही केलेलं काहीही आज कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. एवढी माणसं, एवढे दिवस, त्या एकेका वाक्याची चित्रं. समुद्राने किनाऱ्यावरचं पुसावं तसं ते गेलंय असं लिहायचा मोह होतो, पण ते तसंही नाही. ते नुसतं जुनं झालं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

विष्णूदादाने पर्यटकांना पुन्हा कधी होडीत घेतलं नाही. आता तो पुतण्यांबरोबर रापणीवर जातो, जाळी विणतो. शालनवैनीच्या खोल्या चालतात, पाहुण्यांशी ती बोलते, तो माडांत काही तरी करत असतो. कधी तारकर्लीला गेले तर मी त्याला भेटून येते. तो चहा पितो, शाळेचं विचारतो. किनाऱ्यावर नारिंगी जॅकेट घातलेल्या माणसांची गर्दी असते, आणि तो तिकडे पाठ करून बसतो.

पण एकदा त्याने होडी काढली होती. त्या गोष्टीला वर्ष व्हायच्या सुमारास, असंच भात कापणीला आलेलं असताना. शालनवैनीचा फोन आला, की त्या घाटावरच्या काकू येणार आहेत, त्यांना ती जागा बघायची आहे, आणि विष्णूदादानेच न्यावं असं त्यांचं म्हणणं आहे. तो हो म्हणाला होता. पण त्याला त्यांच्याशी शब्द सुचायचे नाहीत, म्हणून तू ये, असं ती म्हणाली.

काकू जावयाबरोबर आल्या. जावई किनाऱ्यावरच थांबले. होडी वर्षभर झापाखाली होती, विष्णूदादाने ती आदल्या दिवशी धुऊन काढली होती. त्याने जॅकेट पुढे केलं तेव्हा काकू क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी हात वर केले आणि त्याने पट्टे ओढून बघितले. सकाळ होती, भरतीचं पाणी, वारा नाही. खाडीतून आम्ही तिघं गेलो. मी शब्द सुचवायला आले होते आणि मलाच काही सुचत नव्हतं.

मुखाच्या अलीकडे, पाणी संथ होतं तिथे, त्याने इंजिन बंद केलं आणि हाताने दाखवलं. काकूंनी त्या बाजूला बघितलं. बघण्यासारखं काहीच नव्हतं, पाणीच होतं. त्यांनी फुलं आणली नव्हती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या,

"मी पोरीला धरून होते. मला काही दिसलं नाही. सगळ्यांनी निम्मं निम्मं सांगितलं. तुम्ही सगळं सांगा."

विष्णूदादाने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून सांगायला लागला. आमच्या भाषेतच, सावकाश, पहिल्यापासून. लाट कशी आली, कोण कुठे पडलं. मुलीला घेतलं, रिंग टाकली. मला हे सगळं माहीत होतं, पडवीत बसून एकेका प्रश्नापाशी मी ते ऐकलं होतं. मग त्याने जे सांगितलं ते त्याने पडवीत सांगितलं नव्हतं. शालनवैनीलाही नव्हतं, असं तिने मला मागाहून सांगितलं.

"तेंनी माझो हात धरल्यानी," तो म्हणाला. "घट. आमी होडयेत घेतलंव तरी तेंनी सोडूक नाय. मगे श्वास बंद झालो. छाती दाबूक दोनय हात लागतत. मी तेंचा एकेक बोट उघडलंय आणि माझो हात सोडवून घेतलंय." उजवा हात त्याने मांडीवर उताणा ठेवला होता. "ह्या हाताक अजून तेंची बोटां लागतत."

काकूंना त्याची बोली कळली का, म्हणून मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी मला हातानेच थांबवलं. त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या.

"त्यांना सवयच होती ती," त्या म्हणाल्या. "बाजारात रस्ता ओलांडायचा तरी माझा हात धरायचे. लोक हसायचे." एक होडी लांबून गेली, तिच्या लाटा आमच्यापर्यंत आल्या आणि आमची होडी थोडी हलली. "म्हणजे शेवटी हात होता त्यांच्या हातात," काकू म्हणाल्या. "मला वाटत होतं, एकटेच गेले."

विष्णूदादा उठला, आमच्याकडे पाठ करून इंजिनापाशी गेला आणि त्याने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं नाही. त्याने पुन्हा ओढली. त्याचे खांदे हलत होते आणि दोरी हातातून निसटत होती. मी मदतीला उठणार होते, तर काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं.

"होऊ दे सावकाश," त्या त्याला म्हणाल्या. "मला काही घाई नाही."